रस्ता बोलू लागतो तेव्हा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



मराठीच्या प्राध्यापकाला व्याख्यानासाठी बोलावले की तो संतसाहित्यावर बोलणार किंवा कादंबरीच्या आजच्या अवस्थेविषयी चिंता व्यक्त करणार, असा श्रोत्यांचा सर्वसाधारण समज असतो. विषयाची मोकळीक आपण मला दिली आणि मी कळवलेला विषय वाचून कार्यवाहांनी पुन्हा एकदा विचारणा केली, यात त्यांचा काही दोष नाही. मोटारीला वाट दाखवणाऱ्या जुन्या यंत्रांशी मराठीच्या माणसाचा काय संबंध? संबंध आहे, तो ओघाने येईलच. वाट विचारणे आणि वाट सांगणे हा मुळात भाषेचाच व्यवहार आहे, एवढे तूर्त नोंदवून पुढे जातो.

मी सिल्वासाचा रहिवासी. आमच्याकडून मुंबईकडे निघालेला माणूस राष्ट्रीय महामार्गाला लागतो. एके काळी याला आम्ही ‘आठ नंबर’ म्हणत असू. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले आणि हा रस्ता अठ्ठेचाळीस झाला, तरी जुन्या चालकांच्या तोंडी अजून आठच आहे. वाटेत चारोटीचा टोलनाका लागतो. गाडीच्या काचेवर एक चिकटपट्टी असते, वरच्या कमानीतून रेडिओलहरी येतात, त्या पट्टीला स्पर्श करून परततात आणि आपली ओळख तिथल्या यंत्राला सांगतात. त्या पट्टीत बॅटरी नसते. प्रश्नाच्या लहरीतूनच ती उत्तरापुरते बळ घेते. फास्टॅग नावाची ही योजना २०१४ साली प्रथम प्रयोग म्हणून अहमदाबाद-मुंबई याच टप्प्यावर आली आणि फेब्रुवारी २०२१ पासून देशभर सक्तीची झाली. आपण टोल भरतो आणि विसरून जातो. परंतु रस्त्याने गाडीशी बोलावे, ही कल्पना टोलवसुलीसाठी जन्मलेली नव्हती. वाटसरूला वाट सांगावी यासाठी ती प्रथम सुचली होती, आणि त्याला आता साठ वर्षे होऊन गेली.

मोटारीतला नकाशा म्हटले की आज आपल्याला आकाशातले उपग्रह आठवतात. १९६० च्या दशकातल्या अभियंत्यांना ते उपलब्ध नव्हते. त्यांच्यापुढे रस्ता होता, चौक होता आणि चौकात उभा केलेला खांब होता. म्हणून त्यांनी ज्ञान आकाशात न ठेवता जमिनीत पुरले. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने १९६६ च्या सुमारास एक योजना दाखवली. रस्त्यात ठरावीक ठिकाणी लोहचुंबक पुरायचे, चालकाने निघताना भोके पाडलेले एक कार्ड गाडीतल्या खाचेत घालायचे आणि गाडी चुंबकावरून गेली की समोरच्या फलकावर बाण उजळायचा: डावीकडे, उजवीकडे, सरळ. कार्डात मार्ग लिहिलेला, रस्त्यात खुणा पुरलेल्या, आणि दोहोंची गाठ पडली की सूचना.

याहून महत्त्वाकांक्षी योजना अमेरिकेच्या केंद्रीय रस्तेखात्याने त्याच दशकाच्या अखेरीस हाती घेतली. तिची तपशीलवार हकिगत सांगतो, कारण ती ऐकताना ग्रंथालयातल्या माणसाला ओळखीचे काहीतरी दिसेल. चालकाकडे एक सूची असे. सूचीत आपले गंतव्य स्थान शोधायचे आणि त्यापुढे दिलेला पाच अक्षरांचा संकेत गाडीतल्या छोट्या चाकांवर फिरवून लावायचा. गाडी चौकाजवळ आली की रस्त्याच्या पृष्ठभागाखाली पुरलेल्या तारेच्या वेटोळ्याकडे ती हा संकेत पाठवी. कडेला असलेले यंत्र तो वाचून आपल्याजवळच्या तक्त्यात पाही आणि उत्तर परत देई: इथून उजवीकडे वळा. पुढच्या चौकात पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नवे उत्तर. गाडीला संपूर्ण मार्ग कधीच ठाऊक नसे, आणि एका चौकालाही तो ठाऊक नसे. प्रत्येक चौकाला फक्त आपल्यापुरते एक वळण माहीत असे.

आपल्या ग्रंथपालांची कामाची रीत आठवा. सभासद येतो, पुस्तकाचे नाव सांगतो. ग्रंथपाल त्याला संपूर्ण ग्रंथसंग्रहाचा नकाशा काढून देत नाहीत. ‘तिसरे कपाट, वरून दुसरा कप्पा’ एवढेच सांगतात. कपाटापाशी गेल्यावर पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक पुढचे सांगतो. ज्ञान वाटेवर वाटून ठेवलेले असते, आणि चालणाऱ्याने फक्त आपल्याला काय हवे आहे ते जाणायचे असते. अमेरिकन अभियंत्यांना ग्रंथपाल आठवले नसतील, पण पद्धत तीच.

वॉशिंग्टनजवळील काही चौकांत याची चाचणी झाली. यंत्र चालले. योजना मात्र चालली नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकन काँग्रेसने पुढचा निधी दिला नाही. कारण उघड होते. चौक हजारो. प्रत्येक चौकात खोदकाम, तारा, यंत्र आणि ते दुरुस्त करणारा माणूस. गाड्यांत यंत्र नाही म्हणून चौकांवर खर्च करायला कोणी तयार नाही, आणि चौकांत यंत्र नाही म्हणून गाडीत यंत्र घ्यायला कोणी तयार नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही आपली म्हण अभियांत्रिकीतही खरी ठरते.

तरी कल्पना मेली नाही. जपानने १९७३ मध्ये तिचा ध्यास घेतला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात टोकियोत प्रत्यक्ष चाचण्या केल्या. जर्मनीत रूर प्रदेशाच्या मोटारमार्गांवर अशाच जातीची एक यंत्रणा तपासली गेली. मला सर्वात लक्षणीय वाटतो तो पश्चिम बर्लिनचा प्रयोग. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाहतूक दिव्यांच्या खांबांवरच अवरक्त किरणांचे दीप बसवले आणि सुमारे सातशे मोटारींना ते वाचणारी यंत्रे दिली. दीप मोटारीला पुढच्या टप्प्याची माहिती देई. आणि मोटार दीपाला परतफेड म्हणून सांगे की मागच्या दीपापासून इथवर यायला मला इतका वेळ लागला. हजार नोंदी जमल्या की मध्यवर्ती संगणकाला कुठे कोंडी आहे ते कळे, आणि मागून येणाऱ्यांना तो दुसरी वाट सुचवे. आज आपल्या हातातला फोन तांबड्या रेषेने वाहतूककोंडी दाखवतो, त्याचे बीज इथे आहे. हा प्रयोग चालू असतानाच ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत उघडली आणि ज्या शहरासाठी यंत्रणा आखली होती त्याच्या रस्त्यांची गणितेच पालटली. इतिहास अभियंत्यांची परवानगी घेत नाही.

इंग्लंडने तर लंडनसाठी अशी यंत्रणा उभारता यावी म्हणून १९८९ साली कायदाही केला. कायदा राहिला, यंत्रणा उभी राहिली नाही.

तोपर्यंत दुसरा प्रवाह पुढे निघून गेला होता. रस्त्याला न विचारता गाडीनेच आपण कुठे आहोत ते ओळखावे, हा तो प्रवाह. जपानच्या होंडा कंपनीने १९८१ साली वायूच्या झोतावर चालणारा दिशादर्शक आणि पारदर्शक नकाशांचे ताव यांची सांगड घातली. १९८५ साली कॅलिफोर्नियात एटॅक नावाचे यंत्र विकायला आले. चाकांचे फेरे आणि होकायंत्र यांवरून ते अंतर-दिशा मोजी आणि चुकलेली बेरीज नकाशातल्या रस्त्याशी पडताळून दुरुस्त करी. नकाशे कॅसेटवर असत. त्याचे नाव प्रशांत महासागरातील मायक्रोनेशियाच्या नाविकांकडून घेतलेले आहे. ते नाविक होडी स्थिर आहे आणि बेटे मागे सरकत आहेत अशी कल्पना करून समुद्र पार करीत. आपला वारकरीही म्हणतो, ‘पंढरी जवळ आली’. आपण पंढरीजवळ गेलो, असे क्वचितच म्हणतो.

मग उपग्रह आले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा पहिला दिशादर्शक उपग्रह १९७८ साली गेला. १९९० मध्ये जपानमध्ये मझदाच्या एका मोटारीत उपग्रहांचा आधार घेणारा नकाशा बसला. चोवीस उपग्रहांची पूर्ण व्यवस्था १९९५ साली कार्यरत झाली, पण नागरी वापरासाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे, सुमारे शंभर मीटरपर्यंत. शंभर मीटर म्हणजे नवख्या गावात दोन गल्ल्यांचा फरक! ही मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि रस्त्याकडेच्या दीपांची उरलीसुरली आशाही मावळली. चौक खोदायला कोणाला लागणार नव्हते, आणि आकाशाचा खर्च अमेरिकेच्या तिजोरीने आधीच केला होता. पुढे २०१३ पासून भारतानेही आपले उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेला २०१६ मध्ये ‘नाविक’ असे सुंदर नाव मिळाले.

इथे एक भेद सांगितला पाहिजे, तो सहसा लक्षात येत नाही. उपग्रहाचा ग्राहक फक्त ऐकतो. चार उपग्रहांच्या वेळेच्या हाका ऐकून तो आपले ठिकाण स्वतःशीच ठरवतो, आणि उपग्रहाला त्याचा पत्ता नसतो. चौकातल्या यंत्राला मात्र चालक सांगतो: मला अमुक ठिकाणी जायचे आहे. म्हणजे जुन्या पद्धतीत सरकारी खांबाला माझे गंतव्य कळणार होते, आणि नव्या पद्धतीत ते कोणालाच कळायचे कारण नव्हते. प्रत्यक्षात काय झाले ते आपण पाहतो. उपग्रहाला काही कळत नाही, पण खिशातला फोन सर्व काही दूरच्या संगणकाला सांगून मोकळा होतो. खांब निदान आपल्या नगरपालिकेचा असता, त्याच्याविषयी सभेत प्रश्न विचारता आला असता.

मराठी वाङ्मयात या विषयाचे सर्वात जुने पुस्तक कोणते, असे कोणी विचारले तर मी चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’चे नाव घेईन. श्रीचक्रधर स्वामी ज्या ज्या स्थानी थांबले, निजले, बोलले, त्या स्थानांची ही नोंद. गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ, देवळाचे दार कोणत्या दिशेला, दारापासून ते स्थान कोणीकडे, अशा बारकाईने महानुभाव ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. तिथे नकाशा नाही, एकही आकृती नाही. केवळ वाक्ये. आणि पंथाच्या अनुयायांनी त्या स्थानांवर ओटे बांधले. पोथी म्हणजे चालकाजवळची सूची, ओटा म्हणजे रस्त्यात पुरलेली खूण. दोन्ही मिळून वाट पूर्ण होते. वर्गात ही तुलना केली तेव्हा विद्यार्थी हसले होते, आपणही हसलात तरी चालेल.

इंग्रजी अमदानीत मुंबईने हेच दगडांत केले. सेंट थॉमस कॅथेड्रल हा शून्य धरून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहराच्या रस्त्यांवर मैलांचे दगड बसवले. पुढे पदपथ उंच होत गेले, दगड जमिनीत गाडले गेले, काहींवर फेरीवाल्यांची पाटी टेकली. अलीकडे महापालिकेने त्यांतले अनेक शोधून पुन्हा उभे केले आहेत. आता त्यांच्याकडे पाहून कोणी वाट ओळखत नाही, हे खरे. पण दोनशे वर्षांपूर्वी भायखळ्याला चाललेल्या माणसाला तो दगड फुकट आणि सर्वांना सारखेच सांगत असे. त्यासाठी त्याच्याजवळ काही असण्याची गरज नव्हती.

आणि रस्त्याचा प्रश्न किती गंभीर असू शकतो, हे आम्हा सिल्वासाच्या लोकांना कोणी सांगायला नको. १७७९ च्या पुण्याच्या तहानंतर पेशव्यांकडून पोर्तुगीजांना नगर हवेली आणि दादरा हे मुलूख मिळाले. दमणपासून तुटलेले, मधे परका प्रदेश. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या मोहिमेत सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे होती, हे आपणांस ठाऊक आहे. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो दावा लावला तो भूमीच्या मालकीसाठी नव्हता. तो वाटेसाठी होता. दमणहून दादरा आणि नगर हवेलीकडे भारतीय भूमीवरून जाण्याचा आपला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सशस्त्र दले आणि शस्त्रास्त्रे यांना नव्हता, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही, असा तो निकाल होता. वाटेवर कोण जाईल, काय घेऊन जाईल आणि ते कोण ठरवील, याच्यासाठी जगातल्या सर्वोच्च न्यायालयाने चार वर्षांहून अधिक काळ घालवला. म्हणूनच वाट दाखवण्याचा अधिकार कोणाच्या हाती जातो, याकडे मी केवळ यंत्राचा प्रश्न म्हणून पाहू शकत नाही.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात खानवेलच्या पुढे दुधनीच्या बाजूला एका विद्यार्थ्याच्या घरी जायचे होते. त्याचे वडील गेले होते. मी फोनमधल्या नकाशावर विसंबलो. मधुबन धरणाच्या जलाशयाने त्या भागातील कितीतरी जुन्या वाटा पोटात घेतल्या आहेत, हे मला पुस्तकातून माहीत होते. पण निळा ठिपका आत्मविश्वासाने पुढे सरकत होता आणि मीही. रस्ता उतरत गेला आणि पाण्यात संपला. पडद्यावर मात्र तो पलीकडच्या डोंगरापर्यंत सरळ गेलेला. फोनची रेंज त्याच क्षणी गेली. आमच्या लहानपणी याला ‘चकवा लागला’ म्हणत. आजोबा सांगत की अशा वेळी खाली बसावे, पायातले जोडे काढावे आणि उलटे घालावे. मी गाडीत बसून राहिलो. जोडे काढले नाहीत, एवढेच.

काठावर एक वृद्ध वारली गृहस्थ गुरे घेऊन उभे होते. त्यांनी कोठून आलात, कोणाकडे, हे विचारले. मृत माणसाचे नाव ऐकून त्यांनी मान हलवली. मग त्यांनी वाट सांगितली: मागे फिरा, शाळेपर्यंत, तिथे न वळता वरच्या उंबरापर्यंत जा, तिथे कोणालाही विचारा, पुढचे ते सांगतील. नकाशातल्या सूचना शेवटच्या पायरीपर्यंत सांगतात. या माणसाने उंबरापर्यंतचेच सांगितले आणि पुढचे पुढच्या माणसावर सोपवले. १९६८ सालच्या त्या अमेरिकन चौकाची पद्धत तीच होती. मी उंबरापाशी पोहोचलो, तिथे दोन बाया मोळ्या उतरवून बसल्या होत्या. एकीने बोट केले. विद्यार्थ्याच्या घरी मी तासभर उशिरा पोहोचलो. तोवर दिवसाचे विधी संपले होते.

म्हणजे यंत्र टाकून द्यावे, असे मी म्हणत नाही. रात्री अपरात्री रुग्णवाहिकेला अनोळखी गल्ली सापडते ती याच नकाशामुळे, आणि ते श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण यंत्राने उत्तरे दिली म्हणून रस्त्याला मुके ठेवू नये, एवढा माझा आग्रह आहे. खांबावरच्या पाटीवर गावाचे नाव गावातले लोक म्हणतात तसे असावे. नव्या रस्त्यावर जुन्या वाडीची पाटी असावी. धरणात गेलेल्या वाटेच्या तोंडाशी निदान एक दगड असावा. अशा पाट्या आणि दगड यांना बॅटरी लागत नाही, आणि ते वाचणाऱ्याकडे महागडा फोन असावा लागत नाही.

रस्त्यात पुरलेल्या खुणांची जुनी कल्पना आज पुन्हा परतली आहे, आणि तीही रेल्वेत. ‘कवच’ नावाची स्वयंचलित संरक्षण व्यवस्था २०२० साली राष्ट्रीय व्यवस्था म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात रुळांच्या मधोमध, स्लीपरांवर, फास्टॅगच्याच जातीच्या छोट्या पट्ट्या बसवतात. इंजिन त्यांवरून गेले की त्या सांगतात, तू इथे आहेस. मुंबई-दिल्ली मार्गावर हे काम हाती घेण्यात आले, आणि तो मार्ग आमच्या वापी स्थानकावरून जातो. बोगद्यात उपग्रहाची हाक पोहोचत नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरील जुळे बोगदे दोनेक किलोमीटर लांब आहेत. आत शिरल्यावर मोटारीतला नकाशा निव्वळ अंदाजाने चालतो. रुळावरच्या पट्टीला मात्र आकाश दिसण्याची गरज नाही. ती तिथेच आहे, जमिनीवर. परतीच्या प्रवासात वापीला उतरताना खिडकीतून रुळाकडे पाहण्याची मला आता सवय लागली आहे. गाडी थांबलेली असली तर ती पट्टी कधी कधी दिसते.